कडी आतून की बाहेरून

"मॅडम, शेवटी कडी आतून लागते की बाहेरून?"

विचारलं एकदाचं! हॉलच्या शेवटच्या रांगेत तबस्सुम आणि प्रांजल तोंडात ओढणी कोंबून बसल्या होत्या. पैज अशी होती की मी हा प्रश्न इनामदार मॅडमना भर तालमीत, सगळ्यांसमोर विचारला तर माझी विज्ञानाची जर्नल त्या दोघी पूर्ण करणार. आकृत्यांसकट. आणि आकृत्यांसाठी मी काहीही करायला तयार होते.

मला वाटलं होतं, मॅडम हसतील. नाहीतर ओरडतील. त्या दोन्हीतलं काही करेनात. त्यांनी हातातली वही मिटली, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात कारखान्याचा चारचा भोंगा झाला. आमच्याकडे भोंगा वाजायला लागला की कुणी बोलत नाही, बोलून उपयोगच नसतो. तो संपेपर्यंत मॅडमची नजर माझ्यावरून हलली नाही.

"तालमीत कडी वाजत नाही," भोंगा थांबल्यावर त्या म्हणाल्या. "आणि कडीबद्दल कुणी विचारत नाही. बावीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. चल, दुसरा अंक, पहिल्यापासून."

मागून तबस्सुमचं हसू फुटलं ते फुटलंच. मला मात्र मानेवर गार बोट फिरल्यासारखं झालं.

याला दोन वर्षं झाली. मी तेव्हा दहावीत होते, आता बारावीत आहे. पण आजही कुठे कडी वाजली की मी आधी बघते, कुठल्या बाजूने.

आम्ही साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. बाबा पॅनवर, म्हणजे जिथे उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरतात तिथे. वसाहतीची शाळा, शाळेचं स्नेहसंमेलन आणि संमेलनात दरवर्षी एकच नाटक: 'उद्याचं अंगण'. बाकीच्या शाळांत नवी नवी नाटकं व्हायची, आमच्याकडे हेच. जुनं, तीन अंकी, गाजलेलं. आमच्या आया शाळेत असल्यापासूनचं. नायिका कुमुद. पहिल्या अंकात सोळा वर्षांची, परकर-पोलकं, दोन वेण्या. तिला नकाशे काढायचे असतात. कुठेही न गेलेली ही पोरगी अंगणात खडूने नद्या काढते, बंदरं काढते. दुसऱ्या अंकात तिचं लग्न होतं. तिसऱ्या अंकात ती पन्नाशीची. माळ्यावरून जुन्या नकाशांची गुंडाळी सापडते, ती कंदिलाच्या उजेडात उलगडते आणि म्हणते, "हे गाव मी कधी काढलं?" मग ती कंदील विझवते. उठून जाते. आणि पुस्तकात शेवटी एवढंच छापलंय: अंधार. कडी वाजते. पडदा.

बस्स! आतून लावली म्हणजे ती घरातच राहिली. बाहेरून लावली म्हणजे ती गेली. कुठलं?

आता मी कोण, तेही सांगते. ऋजुता चौगुले. नववीपर्यंत शेवटच्या बाकावरची. धडा वाचायला उभी राहिले की माझा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत पोचायचा नाही. आणि त्या वर्षी मॅडमनी मला कुमुद केलं, आणि पंधरा दिवसांत माझा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीला लागून परत यायला लागला! मी घरी भाजी निवडताना संवाद म्हणायची, सायकलवर म्हणायची. मला वाटायला लागलं होतं की मला आता काहीही जमेल. कोल्हापूरला मुलींचं वसतिगृह होतं, तिथल्या कॉलेजात अकरावी विज्ञानाला जायचं, हे मी स्वतःच्या स्वतः ठरवून टाकलं होतं. वसतिगृहाचा फॉर्म आणला होता. भरलासुद्धा होता. फक्त खाली बाबांची सही राहिली होती. त्या एका सहीवर माझं पुढचं सगळं अडलं होतं.

"संमेलन होऊ दे बाळ, मग बघू," बाबा म्हणायचे.

"फॉर्मची तारीख आहे ना बाबा. महिनाअखेर."

"होऊ दे म्हटलं ना."

बाबा त्या दिवसांत फार गोड वागायचे. न मागता नव्या चपला आणल्या. मी खूश. मला वाटलं, बापाला लेकीचं कौतुक आहे. होतंच. ते खोटं नव्हतं, हेच तर वाईट आहे.

कडीचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मॅडमनी नाही म्हटलं म्हटल्यावर तो जास्तच टोचायला लागला. डबा खाताना आमचं भांडण ठरलेलं.

"गेली ती," तबस्सुम म्हणायची. "नकाशे काखेत मारले आणि गेली. मी असते तर दुसऱ्याच अंकात गेले असते."

"पन्नासाव्या वर्षी? गुडघे दुखत असताना?" प्रांजल. "आतून लावली तिने. सकाळी सहाला नळाला पाणी येणार असतं."

"तुला कुमुदपेक्षा पाण्याची काळजी!"

"कुणाला तरी असायला नको का?"

मी आईला विचारलं. आई माझ्या पोलक्याला बाह्या लावत होती. "आतूनच की गं," ती टाचणी दातात धरून म्हणाली. "अंधार पडल्यावर बाईमाणूस बाहेरून कशाला कडी लावेल?" आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ती उगाचच थांबली. "उंच झालीस," म्हणाली. एवढंच. पण तिने ते असं म्हटलं, जसं कुणी गाडीची वेळ झाली म्हणतं.

संमेलनाच्या आठवड्यात फोटो काढले. ही आमच्या शाळेची पद्धत. कुमुदचे दोन फोटो. एक म्हातारपणचा, पांढऱ्या केसांचा. तो शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लागतो. दुसरा सोळा वर्षांचा, वेण्यांचा, उभा, पायांपासून डोक्यापर्यंत.

"हा कुठे लावायचा?" मी फोटोवाल्या काकांना विचारलं.

"तो घरचा," काका म्हणाले. "वडिलांनी सांगितलंय. सहा प्रती."

"सहा? एवढ्या कशाला?"

काकांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. "मान जरा डावीकडं. हां. हसू नकोस."

शिक्षकांच्या खोलीतली ती भिंत मी त्याआधी कधी नीट बघितली नव्हती. एकवीस फोटो, तीन रांगांत. सगळ्या पांढऱ्या केसांच्या, सुरकुत्या काढलेल्या, आणि खाली नाव आणि साल. सोळा वर्षांच्या एकवीस म्हाताऱ्या. लांबून बघितलं तर वाटायचं, वारलेल्यांचे फोटो लावलेत. मी नावं वाचत गेले. यांतली एकही दहावीनंतर कॉलेजात गेल्याचं मी ऐकलं नव्हतं. कुणाची बहीण, कुणाची वहिनी, अमक्या गावाला दिली, तमक्या गावाला दिली. सगळ्यात पहिल्या फोटोखाली लिहिलं होतं, शैलजा भोकरे. चेहरा ओळखीचा वाटला. नाक तर फारच. मी त्या चेहऱ्याला मनातल्या मनात चष्मा लावून बघितला, आणि त्या इनामदार मॅडम होत्या.

संमेलन शनिवारी दुपारी तीनला. सकाळपासून कारखान्याच्या धुराड्यातून काजळी पडत होती, गाळपाच्या दिवसांत पडतेच, चोयट्यांची, म्हणजे जळलेल्या चिपाडांची, हलकी काळी फुलं. वाळत घातलेल्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांवर ठिपके. आई रागावली नाही. तिने एक अंजिरी साडी आत घेतली, झटकली, इस्त्री केली आणि पलंगावर पसरून ठेवली. ती माझ्या मापाच्या ब्लाउजसकट होती.

"ही कुणाला?"

"संध्याकाळी नेसायला. आत्या येणार आहे कराडहून."

"आत्यासाठी मी साडी नेसू?"

"आत्यासोबत आणखी माणसं आहेत," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे पोहे भिजवायला मोठी परात काढून ठेवली होती. ती परात आमच्याकडे वीस माणसांना काढतात.

मी हुशार होते हो! पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त संवाद होते.

मग मधुरा खोत आली. आमच्याकडे आणखी एक रीत: गेल्या वर्षीच्या कुमुदने या वर्षीच्या कुमुदच्या वेण्या घालायच्या. मधुरा माझ्यापेक्षा एकच इयत्ता पुढे. तिची कुमुद बघून मी रडले होते. दहावी झाली आणि ती कुठेच दिसेनाशी झाली होती. ती माझ्या मागे उभी राहिली, फणी घेतली, आणि आरशात मला तिच्या बोटातली अंगठी दिसली.

"अय्या, साखरपुडा?"

"जूनमध्ये अठरा पूर्ण होतात. लग्न जूनमध्येच आहे."

"आणि कॉलेज?"

तिने वेणी इतकी घट्ट ओढली की माझे डोळे ताणले गेले. "सासरचे शिकवणार आहेत म्हणालेत," ती म्हणाली. पाठ केलेल्या वाक्यासारखं. मग रिबिनीचं फूल बांधताना खाली वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ऋजे, पडद्याच्या भोकातून दुसऱ्या रांगेकडे बघू नकोस. मी बघितलं होतं. मग मला पहिला अंक नीट करता आला नाही."

बघू नकोस म्हटल्यावर कोण बघणार नाही?

पहिली घंटा झाली आणि मी पडद्याच्या भोकाला डोळा लावला. पहिल्या रांगेत चेअरमन, मुख्याध्यापक. दुसऱ्या रांगेत बाबा, आई, आत्या. आत्याच्या पलीकडे एक जाड मिशांचे गृहस्थ, एक बाई पदर सावरत, आणि मध्ये कडक इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा, तेवीस-चोवीसचा असेल. तो मोबाइल बघत होता. त्या बाईंच्या हातात माझा फोटो होता. वेण्यांचा. आत्या स्टेजकडे बोट करून काहीतरी सांगत होती, आणि बाबा हसत होते, पाहुण्यांसमोर हसतात तसं.

सहा प्रती.

मला सगळं एकदम कळलं. साडी, परात, चपला, "संमेलन होऊ दे". न झालेली सही. भिंतीवरच्या एकवीस म्हाताऱ्या. मी तिथेच खाली बसले. आणि तिसरी घंटा झाली, आणि पडदा वर गेला.

पहिला अंक मी केला. कसा केला ते मला आठवत नाही. तबस्सुम म्हणते, तसा कुणीच कधी केला नाही. मला एवढंच आठवतं की खडूने अंगणात नदी काढताना मी दुसऱ्या रांगेकडे पाठ केली होती.

तिसऱ्या अंकाआधी मॅडम स्वतः कुमुदचे केस पांढरे करतात. मी स्टुलावर बसले. त्या पावडर थापायला लागल्या. बाहेर नववीच्या मुलींचं समूहगीत चालू होतं.

"बघितलंस ना?" मॅडम म्हणाल्या.

"तुम्हाला माहिती होतं?"

"दरवर्षी माहिती असतं."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांचा हात थांबला नाही. "तुझे वडील मुलीला स्टेजवर सोडतील असं वाटलं तुला? वसाहतीसमोर, पावडर लावून? माझ्या वडिलांनी सोडलं असतं? पहिल्या वर्षी नाटक बसवणारे गुरुजी घरोघर फिरले, कुणी मुलगी देईना. मग कुणीतरी म्हणालं, पाहुण्यांना बोलवा, मुलगी आयतीच बघून होईल. दुसऱ्या दिवशी माझे वडील स्वतः शाळेत आले." त्यांनी माझ्या भुवया पांढऱ्या केल्या. "नाटकाला कुमुद मिळते. त्यांना स्थळ मिळतं. म्हणून हे नाटक बदलत नाहीत. दुसऱ्या कुठल्या नाटकात नायिका इतका वेळ एकटी स्टेजवर नसते."

मी स्टुलावरच मागे वळले. "आणि तुम्ही बसवता हे? दरवर्षी?"

"दोन महिने तरी बोलतेस ना मोठ्यांदा," मॅडम म्हणाल्या. "मला वाटायचं, दोन महिने तरी." मग पावडरीचा पफ झटकत: "मला नकाशे नको होते गं. मला एकदा पुण्याच्या स्पर्धेत कुमुद करायची होती. निवड झाली होती. पत्र आलं त्या दिवशी माझी हळद होती."

आरशात आम्ही दोघी होतो. मी पांढऱ्या केसांची, त्या काळ्या केसांच्या. क्षणभर मला कळेना, कोण कोणाला तयार करतंय.

"कडी कोण वाजवतं?" मी विचारलं.

"मी. पहिल्या वर्षी कुमुद म्हणून, नंतर सून होऊन वसाहतीतच राहिले ती विंगेतून. बावीस वर्षं."

"आतून?"

त्यांनी पावडरीचा डबा मिटला.

डाव्या विंगेत कडीचं ते दार होतं. जुन्या क्वार्टरचं, चौकटीसकट लाकडी पायांवर उभं केलेलं. त्याला दोन्ही अंगांनी कडी. तालमीत त्यावर चादर टाकलेली असायची. मी ते उघडं पहिल्यांदाच बघितलं. आतल्या बाजूची कडी हात लागून लागून गुळगुळीत, चांदीसारखी. बाहेरच्या बाजूची गंजून लाल. तिला बावीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

तिसरा अंक. मी माळ्यावरून गुंडाळी काढली. कंदिलाच्या उजेडात उलगडली. हॉलमध्ये एवढी शांतता की कारखान्याची घरघर ऐकू येत होती. "हे गाव," मी म्हटलं, "मी कधी काढलं?" आणि मी कागदाकडे न बघता दुसऱ्या रांगेकडे बघितलं. बाबांकडे. त्यांनी नजर खाली घेतली.

मी कंदील विझवला. अंधार.

अंधारात डाव्या विंगेकडे अकरा पावलं. मॅडम दाराच्या आतल्या बाजूला उभ्या होत्या, हात कडीवर. मी थांबले नाही. दार आतल्या बाजूला उघडलं, त्यातून पलीकडे गेले आणि ओढून घेतलं.

"ऋजुता!" मॅडमचा श्वासासारखा आवाज, लाकडापलीकडून.

मी बाहेरची कडी धरली. हलेना. गंज बोटांत रुतला. मी दोन्ही हातांनी ओढली. हॉल वाट बघत होता. कुणी खोकलंसुद्धा नाही. कडी करकरत फिरली, पण कोयंड्यात जाईना, दार बोटभर उघडं राहत होतं, फुगलेलं होतं. मी खांदा लावून ओढत होते, पण बाहेरच्या बाजूने धरायला काही नव्हतं. मला रडू यायला लागलं. आता पडदा पडेल, कडी न वाजताच पडेल, आणि ती साडी पलंगावर असेल, आणि मी ती नेसेन.

आणि दार हललं. आतून कुणीतरी ते माझ्याकडे ढकललं. हळू, पूर्ण, चौकटीला बसेपर्यंत.

खट्.

टाळ्या! अशा टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. मी दाराला पाठ लावून उभी होते, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना कुणालाच काही कळलेलं नाही. आवाज तसाच येतो. आतून लावा, बाहेरून लावा, हॉलमध्ये बसलेल्याला खट् एवढंच ऐकू येतं. दरवर्षी येतं. त्यांना हवं ते समजून ते घरी जातात.

मी केस धुतले नाहीत. तोंडही धुतलं नाही. तशीच घरी गेले. वाटेत दोन लहान पोरं मला बघून पळाली. बाबा, आई आणि आत्या आधीच पोचले होते, पाहुणे चेअरमनकडे चहाला थांबून साडेसहाला यायचे होते. फोडणीचा वास सगळ्या घरात. पलंगावर अंजिरी साडी.

"अगं बाई, हे काय ध्यान!" आत्या म्हणाली. "जा, डोकं धू पटकन. लई गुणाची कुमुद केलीस पण. शेवटी कडी वाजली आणि माझ्या काळजात धस्स झालं. त्या बाईंच्या तर डोळ्याला पाणी. मी म्हटलं, बघा, शेवटी घर धरून राहणारी आहे आमची पोर."

"चांगलं झालं बाळ," बाबा म्हणाले. माझ्याकडे न बघता. "आतूनच लावली ना कडी. बरोबर केलंस."

मी हात पुढे केला. तळव्यावर गंज होता, लाल, बोटांच्या रेघांत भरलेला.

"बाहेरून लावली," मी म्हटलं.

आईच्या हातातला झारा थांबला.

मी दप्तरातून फॉर्म काढला आणि साडीवर ठेवला. त्यावर पेन ठेवलं. माझ्या केसांतली पावडर साडीवरही पडली, फॉर्मवरही. आणि माझा आवाज, देवाशपथ सांगते, त्या खोलीच्या भिंतीला लागून परत आला.

"आई, बाबा, मी ही साडी नेसणार नाही. आज नाही, अठरा झाल्यावर नाही, कुणी बघायला यावं म्हणून कधीच नाही. स्थळांकडे वाटलेले ते पाच फोटो परत आणा, आणि सहावा त्या बाईंच्या पर्समध्ये आहे तोही. दहावीची परीक्षा झाली की मी कोल्हापूरला जाणार. हे मी विचारत नाहीये, सांगतेय. आता साडेसहाला ते लोक येतील. त्यांना तुम्ही सांगता, की मी अशीच, पांढऱ्या केसांनी, जाऊन सांगू?"